पोटातलं गाव

बासिलिया आजीनं रात्री शिजवून गार केलेला चुन्यो डुकरिणीच्या कुंडात ओतला आणि समोरच्या देवाच्या डोंगराकडे बघायचं टाळलं. हांकोपाम्पा गावात जन्मलेल्या बाईनं करू नये असं हे काम. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर गोठवलेला, पायांनी तुडवून पाणी काढलेला, उन्हात वाळवून काळाठिक्कर झालेला हा बटाटा इथली माणसं वर्षानुवर्षं जपून ठेवतात. तो डुकराला घालायचा म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही. पण तोंड दाखवायचं कुणाला? गावातली घरं कुलपं लावून बसली होती. आजीचा मुलगा विल्मेरसुद्धा दूर साओ पावलो शहरात शिवणयंत्रावर वाकलेला.

विल्मेर गेल्यावर आजीनं बटाटा लावणंच सोडलं. तुडवायला माणसं नकोत? शिवाय चुन्यो कधी ताटात वाढून एकट्यानं खायचा नसतो. जमिनीवर कापड अंथरायचं, मधोमध ढीग घालायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. आजी पाकिटातल्या शेवयांवर दिवस काढू लागली. पोट दगडासारखं झालं.

मग शहरातून एक डॉक्टर आले. पोटाच्या तक्रारी असलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चुन्यो खायला घालून काय फरक पडतो, ते त्यांना तपासायचं होतं. त्यांच्या वतीनं खालच्या गावच्या दवाखान्यातली नर्स निल्दा दर बुधवारी जीपनं यायची. चुन्योची पिशवी द्यायची, महिन्यातून एकदा शौचाच्या तपासणीची डबी न्यायची.

“शिजवून रात्रभर गार होऊ द्यायचा आणि गारच खायचा,” तिनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. “त्यातला बराचसा पिठूळ भाग वर पचतच नाही. तसाच मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू तो खातात आणि आतड्याला पोसणारं काहीतरी तयार करतात. शेवयांतलं त्यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही, म्हणून ते बिचारे उपाशी.”

“किती आहेत गं?”

“मोजता येणार नाहीत इतके.”

आजी शालीत तोंड लपवून हसली होती. “बघ बाई! हांकोपाम्पात चिटपाखरू नाही आणि माझ्या पोटात अख्खं गाव!”

ते गाव जेवू लागलं आणि पोट खरंच हलकं झालं. निल्दा खूश झाली. “अशाच राहिलात तर लवकरच यादीतून तुमचं नाव काढून टाकतील, आजी. मग मी सुटले!” असं ती थट्टेत म्हणाली. आजीही हसली. पण जीप दिसेनाशी होईपर्यंत ती अंगणात उभी राहिली. त्या आठवड्यापासून चुन्यो डुकरिणीला जाऊ लागला. डुकरीण टुणटुणीत झाली आणि आजीचं पोट पुन्हा दगड. दुखलं की ती कूस बदलायची आणि बुधवारची वाट बघायची. दुखणं सोसायची तिला सवय होती. आठवडाभर कुणाचा आवाजही कानावर न पडणं मात्र तिला सोसवत नव्हतं.

आज निल्दा दुपार कलल्यावर आली. चालतच. बरेच दिवस झाले, जीप येत नव्हती. “बिघडलीय,” असं ती म्हणायची. डबीही हल्ली मागत नव्हती. वाऱ्यानं तिचे ओठ फुटले होते, एका बुटाचा तळ निघून आला होता. पिशवी मात्र भरलेली होती.

“खाल्लात ना, आजी?”

नेहमीसारखं “खाल्ला” म्हणायला आजीनं तोंड उघडलं आणि तिची नजर त्या बुटावर गेली. एकाएकी तिला सगळं लख्ख दिसलं. आपलं पोट सुधारत नाही म्हणून डॉक्टर या पोरीवर रागावले. हिची जीप काढून घेतली. उद्या नोकरीही काढून घेतील. आपल्याला बोलायला कुणी हवं म्हणून आपण हिच्या पोटावर पाय दिला.

“पोरी, बस,” ती म्हणाली. आज सांगितलं तर पुढच्या बुधवारी कुणी येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. “तुझ्या डॉक्टरला सांग, पोरीची काही चूक नाही. म्हातारीच खोटारडी आहे. चुन्यो मी खात नाही. डुकराला घालते.”

“डुकराला?”

“बरी झाले तर तू यायची नाहीस. म्हणून. काढून टाक माझं नाव. पण त्यांना म्हणावं, पोरीला जीप परत द्या.”

निल्दा अंगणातल्या दगडावर बसली आणि तिनं दोन्ही बूट काढले.

“डॉक्टर कार्निव्हलच्या सणाआधीच शहरात परत गेले, आजी. जीपही घेऊन गेले. त्यांचं काम संपलं. तुमच्या पोटाचं काय झालं, ते आता कुणीच विचारत नाही.”

आजीला कळेना. तिनं पिशवीकडे बोट दाखवलं. “मग हा चुन्यो?”

“बाजारातला.”

“आणि दवाखान्यातले तुला अजून इकडं धाडतात?”

“नाही,” निल्दा म्हणाली. “बुधवारची सुट्टी मी मागून घेतलीय.”