ओफेलियाबाईची वही

“तू बाहेर पट्ट्या चिकटव, वहीत मी लिहितो,” म्हणत फेर्मीनकाका खोपटात शिरले.

लिसांद्रोने स्की उलट्या करून तळाला चढणीच्या पट्ट्या चिकटवायला घेतल्या. जूनचा पहिला आठवडा, इथला हिवाळा नुकताच लागलेला. बारिलोचे गावाच्या वरचे, स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारे पाळणे सुरू व्हायला अजून पंधरा दिवस होते, त्यामुळे डोंगरात चिटपाखरू नव्हतं. ऊन मात्र लख्ख पडलं होतं.

खोपटातली वही दाराजवळच्या टेबलावर असायची, दोरीला पेन्सिल बांधलेली. जाताना नावं आणि वाट लिहायची, परतल्यावर त्या ओळीवर आडवी रेघ मारायची. पाच वाजता खोपट सांभाळणारी ओफेलियाबाई वही उघडे. बिनरेघेची ओळ दिसली की तडक शोधपथकाला फोन. “तोंडं विसरते मी, रेघा नाही,” असं ती म्हणायची. आत्ता ती मागच्या बाजूला काहीतरी तळत होती.

लिसांद्रोने काचेतून पाहिलं. काका अजून वहीवर वाकलेलेच. दोन नावं लिहायला इतका वेळ? गेल्या सप्टेंबरचं पान तर शोधत नसतील ना?

“हात थरथरतो रे,” काका बाहेर येत म्हणाले. “पण झालं मनासारखं. आता आपल्याला काही होत नाही बघ.”

काकांचा एकुलता एक मुलगा सीरो. लिसांद्रोचा जिवलग. गेल्या सप्टेंबरात दोघं याच वाटेने गेले होते. सीरोला घळीतून आणखी एकदा उतरायचं होतं. लिसांद्रो एकटाच परतला. गावात मित्रांनी मांस भाजायला लावलं होतं, त्याला कोण घाई! हा येईलच मागोमाग, म्हणून त्याने दोघांच्या ओळीवर रेघ ओढली आणि निघाला. सीरो आलाच नाही. माणसं शोधायला निघाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता.

मग लिसांद्रोने ठोकून दिलं. मी अर्ध्यातूनच परतलो, रेघ सीरोनेच सकाळी मारली होती, त्याची सवयच होती ती. निघतानाच रेघ मारली की माणूस परत आलाच समजायचं, शुभ असतं, असं म्हणायचा. गावाने माना डोलावल्या. मेलेला माणूस थोडाच भांडायला उठतो?

आणि काल काकांचा फोन आला. “ऊन पडलंय. मला ती जागा दाखव.” नाही कसं म्हणणार?

काका तरुणपणी डोंगरी फौजेत होते. चाल अजून डौलदार होती, गुडघे तेवढे गेले होते.

“इथे थांबला होता का तो?” त्यांनी चढावर विचारलं.

“हो. पाणी प्यायला.”

“आणि तू?”

“मी... जरा पुढे होतो.”

“तू कायम पुढेच! सीरो म्हणायचा, लिसांद्रोला मेंढी भाजायच्या आधीच खायची असते.” काका खो खो हसले. लिसांद्रोला हसू आलं नाही.

तेवढ्यात पायाखालचा बर्फ धप्पकन बसला. दोघंही जागच्या जागी थिजले.

“खाली पोकळ आहे,” काका म्हणाले. “सांभाळून.”

धारेवर पोचल्यावर त्यांनी गुडघे चोळले. “उतरेन मी. पण हा चढ पुन्हा एकट्याने? मेलो तरी जमायचं नाही.”

“मी दोरीने ओढेन की तुम्हाला. घळीला खालून वाट नाही, परत इथेच यावं लागतं.”

“मग हो पुढे. माझी नजर आहे तुझ्यावर.”

ती नजर पाठीवर घेऊनच लिसांद्रो सुटला. चार वळणं झकास झाली. पाचव्याला वीतभर बर्फाखालचा दगड लागला. कडाड् आवाज झाला, आणि तो घळीच्या तळाशी जाऊन पडला तेव्हा उजवी नडगी भलत्याच दिशेला वळली होती.

काका हळूहळू उतरत आले. लिसांद्रो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. काकांनी काठी मोडून पायाला बांधली, स्वतःचं जाकीट काढून त्याच्यावर घातलं. फोनला रेंज नव्हती. काका वर जायला निघाले, वीस पावलांवर गुडघा धरून मटकन बसले आणि घसरत परत आले.

“नाही होत रे पोरा.”

“राहू द्या काका. पाचला ओफेलियाबाई वही बघेल. सातपर्यंत पथक इथे येईल.”

काकांनी जाकीट त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं. सूर्य कड्यामागे गेला तशी थंडी हाडात शिरायला लागली. त्यांनी थर्मासमधलं गरम पाणी तुंबीतल्या पाल्यावर ओतलं, माते हा इथला काढा केला आणि नळी लिसांद्रोच्या ओठाला लावली. कडू, गरम घोट. “पी. सीरोलाही असाच कडू लागायचा.”

त्या मायेनेच लिसांद्रो फुटला. “काका, ती रेघ मी मारली होती. सीरोने नाही, मी. जेवायची घाई होती मला. तो वाट बघत असेल हो... माझीच वाट बघत असेल!”

काकांनी थर्मासचं झाकण फिरवून फिरवून घट्ट केलं. लिसांद्रो थपडेची वाट बघत होता. बसली असती तर बरं वाटलं असतं.

“म्हणजे निघतानाच रेघ मारायची सवय सीरोची नव्हतीच?”

“नव्हती. मीच रचलं ते सगळं.”

“शुभ असतं वगैरे, तो कधी म्हणाला नाही?”

“नाही काका.”

काकांनी वरच्या रिकाम्या धारेकडे पाहिलं.

“मग पाचची वाट बघू नकोस, पोरा,” ते म्हणाले. “लेकाची तेवढीच एक आठवण म्हणून, सकाळी मीही रेघ मारूनच निघालो.”