पूजलेलं डोकं

"ही कंपनी म्हणजे माझं एकट्याचं डोकं!" फुलं घरपोच देणाऱ्या ॲपचा मालक शार्दूल साने सकाळी टीव्हीवर ठणकावून सांगून आला. ऑफिसात खंडेनवमीची पूजा मांडलेली. ऑर्डरी सांभाळणाऱ्या गौतमीने लॅपटॉपऐवजी त्याच्याच कपाळाला हळदकुंकू लावलं, डोक्यावर झेंडू ठेवला.

"सर, पूजलेलं अवजार आज वापरायचं नसतं. उद्या दसरा, ऑर्डरींची झुंबड. लॅपटॉप कसे पूजणार? तेव्हा तुमच्या डोक्याला सुट्टी!"

तो खो खो हसला आणि ऐटीत बसून राहिला. तासाभरात येतीलच सगळे धावत! दुपार झाली. चहा दोनदा आला, प्रश्न एकही आला नाही.

"मी एकटाच का बसू?" वैतागून त्याने तबक उचललं आणि दिसेल त्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं.

गौतमीने कीबोर्डवरून हात उचलले. मग एकेक करत सगळ्यांनीच. पडद्यावर अडकलेल्या ऑर्डरींची रांग वाढू लागली.

शार्दूल ताडकन उठला. "अरे, मग कंपनी कोण चालवणार?"

विचारलं मात्र, आणि त्याने जीभ चावली.