दाराचा दिवा

“हा बाप मला भेटू दे एकदा, उलटा टांगते त्याला!” धाकट्या परीक्षक बाई कडाडल्या.

मोठ्या बाईंनी कॉलेजच्या प्रकाशयोजना स्पर्धेत आलेल्या घराच्या मॉडेलचं इवलंसं दार पुन्हा आपटलं. मागच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलाखाली, तांबडा दिवा लागला. दार हळू लावलं, की तोच दिवा पिवळा. सोबत बिननावाची चिठ्ठी होती: ‘बाबा घरी आले, की दार कसं लागतं त्यावर आम्हां भावंडांची संध्याकाळ ठरते. तांबडा लागला, की आम्ही झोपेचं सोंग घेतो.’

तिसरे परीक्षक म्हणजे दादा. तीस वर्षं नाटकांची प्रकाशयोजना केलेला माणूस, एरवी बोलायला लागला की आवरत नाही. आज त्यांचे डोळे एकाच जागी खिळले होते. मॉडेलच्या भिंतीवर, दाराची मूठ आदळते नेमकी तिथे, एक खळगा होता आणि त्यावर सिमेंटचं ठिगळ. थेट त्यांच्या घरची भिंत!

त्यांची लेक याच कॉलेजात शिकत होती. स्पर्धेत उतरलीय का, हे त्यांना ठाऊक नव्हतं; ती त्यांना काही सांगतच नसे. घरी धाकटा भाऊही होता. मग आता शंका कसली?

पहिलं बक्षीस म्हणजे वर्षभर परगावी, एका नामांकित स्टुडिओत राहून शिकायचं. पोरगी सुटेल, असं दादांच्या मनात आलं. कुणापासून सुटेल, तेही लगेच कळलं.

नियम सरळ होता. परीक्षकाच्या नात्यातलं कुणी असेल, तर स्पर्धकाच्या नावाचं बंद पाकीट उघडायच्या आधी सांगायचं. त्याला गुण बाकीचे दोघे देणार. लपवलं, तर प्रवेशिका बाद. गप्प बसावं तर लेकीचं बक्षीस जातं, बोलावं तर चारचौघांत अब्रू जाते. बरं, लेकीला विचारावं, तर फोन बाहेर जमा. दिव्यांसाठी अंधार हवा म्हणून खिडक्यांना काळा कागद, आणि निकाल लागेपर्यंत दाराला कडी.

“एकमत ना? फोडू पाकीट?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“थांबा.” दादांनी पाकिटावर हात ठेवला. “हे माझ्या मुलीचं काम आहे. मला गुण देता येणार नाहीत.”

“अहो, नाव तर पाकिटात आहे! ओळखलंत कसं?”

“दार आपटणारा तो बाप... मीच आहे.”

धाकट्या बाईंनी मान खाली घातली. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण पोरीचं भलं होतंय, एवढ्यावर ते तग धरून बसले. मोठ्या बाईंनी नात्याची नोंद केली, दादांची सही घेतली आणि पाकीट फोडलं.

आतला कागद त्यांनी एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि दादांपुढे सरकवला.

नाव कुणा परक्याच मुलाचं होतं.