काचेपुढची देवी

दिवेलागणीला सुनंदा फुलं घेऊन गाडीत चढली, तेव्हा शालिग्राम अजून ड्रायव्हरच्या सीटवरच बसलेला होता.

शाळेची पिवळी मिनीबस घरच्या ओट्याला लागून उभी होती. शेवटची पोरं उतरवून तो केव्हाच परतला होता. किल्ली काढलेली, हात मात्र स्टिअरिंगवर तसेच.

"हातपाय धुई ल्या ना," ती म्हणाली. "मंगळवार शे. माले उपास सोडाना शे."

तो हलला नाही. नवऱ्याचं हे असं बसणं तिला नवीन नव्हतं. शाळा उघडली की पहिले काही दिवस तो असाच थकून यायचा. ती काचेपुढच्या देवीकडे वळली.

शाळेच्या पहिल्या दिवशी गाडीची पूजा करायची, सप्तशृंगी आईचा फोटो काचेपुढे मांडायचा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत आईला जागेवरून हलवायचं नाही, असा सुनंदाचा नेम होता. यंदा तिने गडावरून मोठा फोटो आणला होता. एवढ्या पोरांची राखण करायची, तर आधीचा फार लहान वाटायचा. काल स्वतःच्या हाताने तिने तो मांडला होता, लाल चुनरी, झेंडूचा जाड हार, बाजूला नारळ.

कोमेजलेली फुलं काढताना तिचा पाय कशाला तरी लागला. पाण्याची गुलाबी बाटली होती, चपटी झालेली.

"ही कोनी शे?"

"समीक्षानी. पहिलीमानी पोर."

"आनि फुटनी कशी?"

शालिग्रामने सांगितलं ते समोर बघतच, थांबत थांबत. पोर फाट्यावर उतरली आणि गाडीच्या पुढून घराकडे निघाली. बाटली हातातून सुटली, गडगडत चाकाशी आली. ती घ्यायला पोर वाकली. त्याने आरशात पाहिलं, समोर पाहिलं. रस्ता मोकळा दिसला. गाडी सोडली. बाटली फुटल्याचा आवाज झाला म्हणून ब्रेक दाबला.

"मंग देवीना डोकावरथून पोरन्या दोन रिबिनी वर उन्यात," तो म्हणाला. "तव्हय माले समजनं."

सुनंदाच्या हातातली फुलं तशीच राहिली. तिने डोळे मिटले.

"आईनीच वाचाडं."

"आईना मांगेच व्हती ती," शालिग्राम म्हणाला.

बाहेर शेजाऱ्यांची शेळी ओरडत होती. 

"थकेल शेतस तुम्ही," ती हळूच म्हणाली. "दिवसभर ऊन, तो गोंगाट."

"थकेल तं मी रोजच ऱ्हास. रोज पोर दिखस." त्याने डोळे चोळले. "पोर माले काय म्हने, माहीत शे? सॉरी काका."

सुनंदाने बाटली पदराने पुसली. पुसून काही होणार नव्हतं.

"उद्यापासून मी गाडी काढाव नही," तो म्हणाला.

मग तो उठला. तिच्या हातातून बाटली घेतली आणि आपल्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं. "बस आठे."

त्या सीटवर ती कधी बसली नव्हती. चप्पल तिने पायरीशीच काढलेली होती. अनवाणी पाय ब्रेकपासून दूर ठेवून ती अंग चोरून बसली. शालिग्राम खाली उतरला, गाडीच्या पुढून चालत गेला. त्याचं डोकं, खांदे तिला दिसत होते. तो खाली बसला.

आता तिला देवी दिसत होती. देवीचे डोळे, चुनरीची जर, झेंडूचे गोंडे. वर कडुनिंबाची फांदी, शेजाऱ्यांची भिंत. एवढा उंचापुरा माणूस, पण कुठेच नव्हता.

"कोठे शेतस?" तिने खिडकीतून विचारलं.

"आठेच. तुन्हा समोर."

तिने मान उंचावली, डावीकडे केली, उजवीकडे केली.

"दिखस का?" आवाज देवीच्या मागून आला.

 ती देवीकडे बघत बसून राहिली. ओठ काही तरी पुटपुटत होते, रोजचंच असावं. मग तिने नारळ उचलून बाजूच्या सीटवर ठेवला. हार काढला, चुनरीची गाठ सोडली. फोटो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

शालिग्राम दाराशी आला होता.

"तुन्हा नेम शे ना."

"बसा तुम्ही," ती म्हणाली आणि उतरली.

गाडीपुढे मातीत त्याने ती चपटी बाटली ठेवली होती. तिच्याजवळ सुनंदा खाली बसली. फोटो मांडीवर घेतला, देवीवर पदर धरला.

"दिखस का?"

"दिखस," वरून आवाज आला. मग तो म्हणाला, "पण पोर तुन्हापेक्षा ल्हान शे."

तिने पाठ वाकवली. डोकं खाली नेलं, आणखी खाली, कपाळ फोटोच्या चौकटीला टेकेपर्यंत.

"आते?"



"दिखस," तो म्हणाला. "तू आनि आई, दोन्ही दिखतस."

ती लगेच उठली नाही. "मंग सकाळे काढशात ना गाडी?" तिने तसंच वाकून विचारलं.

 शालिग्रामने खांद्यावरचा रुमाल काढला आणि देवीच्या जागेवरची काच आतून पुसायला घेतली.