पोटदुखीबाई

सकाळी साडेनऊ. पोटदुखीबाई पुन्हा आल्या.

हे नाव दवाखान्यातल्या नर्समावशींनी ठेवलेलं. बाई सात वर्षांच्या, समोरचे दोन दात पडलेले. मागे आई, तिच्या खांद्यावर तान्हं बाळ.

"काय म्हणतंय पोट?" मावशींनी विचारलं.

"मागच्यापेक्षा जास्त," पोटदुखीबाई गंभीरपणे म्हणाल्या.

रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं झालं होतं. कशातच काही निघालं नव्हतं. आजही कारण कळलं नाही, तर मोठ्या इस्पितळात घशातून दुर्बीण घालायची, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. त्याआधी समुपदेशक ताईंनी आणखी एकदा बोलून बघावं, एवढंच. ताई आता डॉक्टरांच्याच खोलीत, वजनकाट्याशेजारी बसत. मनाचं दुखणं घेऊन वेगळ्या इमारतीत कुणी जात नाही, हे दवाखान्याला उशिरा उमगलं होतं. ताईंचा नियम एकच: मुलांशी बोलताना पालक बाहेर.

मागच्या खेपांनाही तसंच झालं होतं. शाळा? छान. मैत्रिणी? भरपूर. बाळाचा राग येतो? छे!

"आई, तुम्ही जरा बाहेर बसा हं," ताई म्हणाल्या. आई निमूट उठली.

"दुर्बिणीची भीती वाटते का गं?"

पोटदुखीबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"ताई, माझं पोट दुखतच नाही."

"मग येतेस कशाला?"

"आईला आणायला! आणि तुम्ही दरवेळी तिलाच बाहेर काढता."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं.

"बाळ झाल्यापासून ती बोलतच नाही," मुलगी म्हणाली. "दूध उतू गेलं तरी नुसती बघत बसते. इथं यायचं असलं की मात्र केस विंचरते."

ताईंनी उठून दार उघडलं.

"आई, तुम्ही या आत. लेक बसेल बाहेर."

"मी? मला काय धाड भरलीय?" आई हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. मावशींनी बाळ घेतलं. डॉक्टर कागद उचलून लसीकरणाच्या खोलीत गेले.

दार लागलं. बाकावर मावशी, मांडीवर बाळ, शेजारी मुलगी. मावशी बाळाला थोपटत राहिल्या. मग आतून एकदम रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, मोकळा. मावशी धडपडत उठल्या.

मुलीनं त्यांची बाही धरली.

"रडू द्या ना मावशी. घरी ती नळ सोडून रडते."