परसातला कुडा

कुड्याचं झाड तोडायचं तर बायको, लीलाबाई, परत यायच्या आत तोडायला हवं होतं. हैबतराव कोयता घेऊन परसात उभे होते. पहिला घाव घालायला हात उचलवत नव्हता.

सकाळी डेअरीवर दूध घालताना शेजारच्या कुशाबानं सहज सांगितलं होतं, की काल फॉरेस्टची माणसं मोटरसायकलवरून आली होती आणि ज्यांच्या परसात कुडा आहे ते घर कुठलं, असं विचारत होती. हैबतराव रानात होते, म्हणून घराला कुलूप बघून गेली, आज परत येणार म्हणाली. कुशाबा किटली उचलून निघूनही गेला.

कुडा डोंगरातला होता. लेक शुभांगीचं लग्न होऊन घर रिकामं झालं, त्या साली लीलाबाईंनी तो वीतभर असताना मुळासकट उकरून पदरात गुंडाळून आणला होता. जिथून आणला तिथं राखीव जंगलाची पाटी होती. परत नेऊन लाव, असं हैबतराव तेव्हाही म्हणाले होते. लीलाबाई नुसत्या हसल्या. भांड्यांचं पाणी आणि चुलीतली राख घालून त्यांनी तो माणसापेक्षा उंच केला. वैशाखात कुडा पांढरा व्हायचा आणि सगळ्या परसाला वास सुटायचा. त्यातली थोडी फुलं त्या भाजीपुरती खुडायच्या. बाकीच्या फुलांना कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

यंदा मागच्या डोंगराला वणवा लागला आणि तेव्हापासून फॉरेस्टवाले गावात सारखे दिसू लागले होते. खालच्या वाडीतला एकजण जंगलातली झाडं उकरून बंगलेवाल्यांना विकायचा. त्याला धरून नेलं होतं, आणि अजून तो कोर्टाच्या खेपा घालत होता. हैबतरावांच्या डोळ्यांसमोर रक्तदाबाच्या गोळ्या कमरेच्या पिशवीत ठेवून कोर्टाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या लीलाबाई आल्या. त्या माणला लेकीकडे गेल्या होत्या, दुपारच्या एसटीनं यायच्या होत्या. त्यांना फोन करावा म्हणून हैबतरावांनी मोबाइल हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. लीलाबाईंचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. मीच आणलाय, मीच सांगते, असं म्हणून ती बाई आपण होऊन फॉरेस्टवाल्यांपुढे जाऊन उभी राहिली असती.

त्यांनी डोळे मिटून घाव घातला.

खोडातून दुधासारखा चीक आला. फांद्यांना जोडीजोडीनं लोंबणाऱ्या वाळक्या शेंगा फुटल्या. हैबतरावांनी घाईघाईनं शेंगांसकट फांद्यांचे तुकडे केले आणि न्हाणीच्या चुलाण्यात कोंबले. ओलं लाकूड पेट घेईना. धुरानं डोळे चुरचुरले, तरी ते फुंकणीनं फुंकत राहिले. मुळं उपटणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी बुंध्यावर गोवऱ्या रचल्या. मग हात धुतले. चीक निघेना, म्हणून राखेनं घासून पुन्हा धुतले. रस्त्यावर मोटरसायकल थांबली तेव्हा ते हात धोतराला पुसत होते.

खाकी कपड्यातली एक तरुण मुलगी आत आली. मी वैशाली, इथली वनरक्षक, असं तिनं सांगितलं. खांद्याला कापडी पिशवी होती. हैबतरावांनी तिला ओटीवर बसायला सतरंजी टाकली, आणि ती बसायच्या आधीच बोलून मोकळे झाले.

"आमच्याकडं कुडाबिडा काय न्हाई. कवा नव्हताच."

वैशाली गोंधळली. हे लीलाबाईंचंच घर ना, असं तिनं विचारलं. लीलाबाईंनीच तिला फोन केला होता. वणव्यात डोंगरावरच्या कुड्याच्या शेंगा जळून गेल्या होत्या. पावसाच्या आत रोपं करून त्या उतारावर लावायची, तर बी कुठून आणायचं हा प्रश्न होता. बचत गटाच्या बैठकीत येऊन वैशालीनं बायकांना विचारलं होतं, की कुणाच्या परसात कुडा आहे का. तेव्हा लीलाबाई काही बोलल्या नाहीत. मग दोन दिवसांनी फोन करून म्हणाल्या, या आणि सगळ्या शेंगा काढून न्या. डोंगराचंच आहे ते, डोंगराला जाऊ द्या.

न्हाणीतून अजून धूर येत होता. हैबतराव ओटीच्या कडेला टेकले.

"मला का न्हाई सांगितलं तिनं?"

वैशालीला सांगावं की नाही कळेना. "आजी म्हणाल्या, मालकांना आधी काही सांगू नका. ते भित्रे न्हाईत, पण माझ्यापायी लई घाबरतात."

हैबतराव उठले. तिला परसात घेऊन गेले आणि एकेक करून गोवऱ्या बाजूला केल्या. वैशालीनं वाकून बुंधा पाहिला. चीक अजून ओला होता. मुळातून फुटवा येईल, असं ती म्हणाली, पण शेंगा धरायला वर्षं जातील हेही तिनं लपवलं नाही. मग रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि पुढच्या गावात चौकशी करते, असं म्हणून निघाली.

तेवढ्यात घाटाकडच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

हैबतराव लगबगीनं पुढे झाले आणि दारात तिच्या वाटेत उभे राहिले.

"म्याडम," ते म्हणाले, "जाऊ नका. ती येस्तवर तेवढं थांबा."