फ्रेमवर्कची यादी

आतल्या खोलीत चिकटपट्टी टर्रकन फाटली, पण लॅपटॉपला चिकटलेल्या आईचं तिकडे लक्षच नव्हतं. कॉलवर टीममधली नवी मुलगी रडकुंडीला आली होती. "ताई, कोडमधल्या या क्लासला काय हवंय त्याचं अ‍ॅनोटेशन लावलं, तरी फ्रेमवर्क काही आणून देतच नाही हो!"

"अगं, नुसतं अ‍ॅनोटेशनचं लेबल लावून भागत नाही. तो क्लास फ्रेमवर्कच्या यादीत असावा लागतो. यादीत नसेल त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. घातलास यादीत? बघ, आलं की नाही सगळं हातात!"

कॉल संपवून ती खुशीत वळली. दाराशी लेक कधीची उभी होती. फ्रॉकवर चिकटपट्टीने कागद लावलेला: 'आई हवी'.



"आई, मी नाहीये का गं तुझ्या यादीत?"